साडेचारचं पाणी

मला माणसांचा कंटाळा फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. पंचवटीतल्या एका लहानशा वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली की कोणालाही येईल. ‘ते निळ्या कव्हरचं पुस्तक द्या हो’ म्हणणारे येतात, पेपर तोंडावर घेऊन घोरणारे येतात, सगळ्यांच्या आधी शब्दकोडं सोडवून पेपर नासवणारे येतात. मामांचाही मला कंटाळा यायचा. रोज यायचा. फक्त मामांवर चिडलं तर ते मनाला लावून घेत नसत, एवढी एक सोय होती.

मामा म्हणजे आमचे शिपाई. झाडणं-पुसणं, कुलूप-किल्ली, फाटक्या पुस्तकांची बांधणी, सगळं त्यांच्याकडेच. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकात. बाकी सगळ्यांसाठी मामा. हरसूलकडच्या एका पाड्यावरून तरुणपणी नाशकात आले आणि इथंच राहिले. लग्न केलं नाही. वाचनालयामागच्या खोलीत राहायचे. अंगाला कायम खळीचा वास. मैद्याची खळ स्वतः शिजवायचे, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायचे. फाटकं पुस्तक हातात आलं की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “दमलंय.”

एकदा मी म्हटलं, “मामा, मी पण दमलेय.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “हां. दिसतंय,” म्हणाले आणि पुन्हा दोरा ओवायला लागले. चहा आणू का, घरी जाता का, तसलं काही नाही. दिसतंय, बस्स. त्या दिवशी मला फार राग आला होता.

आता त्या डायनासोरांबद्दल.

आमच्या कार्यवाहांना मध्यंतरी मुलांना वाचनालयात ओढायची हुक्की आली. बालविभागात एक कॉम्प्युटर आला आणि त्यावर एक खेळ आला, डायनासोरांचा. कार्यवाहांनी तो मुद्दाम निवडला होता, कारण त्यात गोळीबार नव्हता. गोळीबार नव्हता, शर्यत नव्हती, गुण नव्हते, जिंकणं-हरणंही नव्हतं. एक रान, एक नदी, लांबवर डोंगर, आणि पालापाचोळा खाणारे बारा डायनासोर. आपण त्यातलं कुठलंही एक जनावर व्हायचं. आपण चाललो की बाकीची अकरा मागून येणार. पाला खायचा, पाणी प्यायचं, चिखलात लोळायचं, सावलीला बसायचं. मागे बासरीसारखं काहीतरी हळू वाजत राहायचं. मन शांत करणारा खेळ आहे, असं त्यावर लिहिलेलंच होतं.

मुलं आली. अर्ध्या तासात एकानं विचारलं, “ह्यात मरत कोणच नाही का?” नाही म्हटल्यावर सगळी उठून गेली ती परत आली नाहीत. तो कॉम्प्युटर धूळ खात पडायचा, पण मामा धूळ पुसायला गेले आणि तिथंच थांबले.

थांबले म्हणजे उभे राहिले. वरच्या फळीवरची पुस्तकं ओढायला आमच्याकडे आकडा लावलेली एक लांब काठी आहे. ती एका बगलेत धरायची, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवायचा, अंगाचा भार काठीवर, आणि मोकळा हात कॉम्प्युटरवर. असे ते तास तास उभे. मी खुर्ची सरकवली तर म्हणाले, “चरताना बसू नये बाई. आपण बसलो का ती पांगतात.”

डोक्यावर बरोब्बर ‘शांतता राखा’ अशी पाटी आणि खाली मामा जिभेनं टाळूवर टक् टक् करतायत, मधूनच ‘ह्या ह्या’ करतायत. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला. जनावरांना त्यांनी नावं ठेवली होती: ढवळी, काळी, ठिबकी, मोरी, लांबमानी. एका शाळकरी मुलीनं पुस्तक उघडून त्यांची खरी लांबलचक नावं वाचून दाखवली. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “ह्या नावानं हाक मारली तर येतील का?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही. “मग आपली ढवळीच बरी,” म्हणाले.

मामा भोळसट होते, त्यांना ते खरंच वाटायचं, असं कोणी समजू नये. मी एकदा समजावायला गेलेच होते. म्हटलं, मामा, आपण बंद केलं की ती जिथल्या तिथं थांबतात. त्यांना भूक लागत नाही, तहान लागत नाही.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “त्यांची येळ थांबती. माझी थांबत नाय ना. साडेचार वाजले का मला पाणी आठवतं.”

साडेचारला पाणी म्हणजे साडेचारला पाणी. मग समोर कोणी वाचक ताटकळत असो, कार्यवाह असोत, नाहीतर खुद्द मी. हातातलं पुस्तक अर्धवट शिवलेलं खाली ठेवायचे आणि कळप नदीवर न्यायचे. पाणी पाजून झालं की उंबरासारख्या दिसणाऱ्या एका झाडाखाली सगळी आणून बसवायची, बोट दाखवत मोजायची, मगच कॉम्प्युटर बंद. त्या खेळात ना गोठा होता ना रात्रीचं भय. तरी झाड ठरलेलं होतं.

आणि मग त्यांनी पाळी लावली.

त्यांच्या पाड्यावर गुराखी ठेवत नसत. घरागणिक पाळी असायची. आज या घरच्या माणसानं सगळ्यांची गुरं रानात न्यायची, उद्या त्या घरच्यानं. संध्याकाळी ज्याची त्याला मोजून द्यायची. “पाळी चुकवली तर गाव जेवाया घालतं,” मामा सांगायचे, “पण परत आपली गुरं तुमच्या हाती देत नाय.” बांधणीची कामं तुंबायला लागल्यावर एक दिवस त्यांनी पुठ्ठ्यावर सोमवार ते शनिवार लिहिलं आणि पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठलं. मला वाटलं, हाकलून देतील. एकही नाही म्हणाला नाही. सोमवार-गुरुवार एका रिटायर झालेल्या एस.टी. कंडक्टरांकडे गेला. ते डायनासोरांनाही ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणायचे. मंगळवार रामकुंडावर श्राद्धाचे विधी सांगणाऱ्या एका गुरुजींकडे. यजमान आटोपून ओल्या धोतरानं यायचे, फरशीवर पाणी सांडायचं, आणि ते पुसायचं कोणी यावरून मामांशी भांडायचे. शनिवार माझ्या नावावर लिहून टाकला होता, मला न विचारता.

“मला नाही जमणार मामा. मला घरी एक पाळी आहे, ती पुरे.”

“वीस मिनिटं. उभं राह्यचं फक्त,” ते म्हणाले. आणि खरं सांगते, मी राहिले. कोणी काही मागत नाहीये, कोणाला काही शोधून द्यायचं नाहीये, समोर जनावरं चरतायत. माझ्या आठवड्यातली ती वीस मिनिटं बरी जायची.

पाळी संपली की जुन्या देव-घेव रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहायचं. मामांनी मजकूर ठरवून दिला होता: खाल्लं. प्यालं. बसलं. एकूण बारा. याहून एक शब्द जास्त नाही. गुरुजींनी एकदा ‘आज मौजेने विहार केला’ असं लिहिलं तर मामांनी त्यावर कागद चिकटवला. आणि पुढच्याला दिल्याशिवाय हलायचं नाही. ‘मोजून घ्या’ म्हणायचं, त्यानं मोजायचं, मग तुम्ही मोकळे.

वाघबारशीचं सांगितलंच पाहिजे. त्या खेळात एक बटण होतं, शिकारी जनावरं चालू किंवा बंद करायचं. आमच्याकडे ते कायम बंद. दिवाळीच्या तोंडावर मामा सकाळी आंघोळ करून, डब्यात तांदळाची खीर घेऊन आले. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला, खिरीची वाटी ठेवली, कुंकू लावलं, तेही पडद्याला, आणि ते बटण चालू केलं. त्यांच्या डोंगरात त्या दिवशी गुरं राखणारे वाघदेवाला खीर देतात, म्हणजे वर्षभर तो गुरांना हात लावत नाही. कंडक्टर म्हणाले, “अहो मामा, कशाला आ बैल मला मार?” मामा म्हणाले, “तो हायच. आपण बटण बंद केलं म्हणून नाय असं थोडंच हाय.”

थोड्या वेळानं झाडीतून तो आला. मोठं डोकं, बारके हात. नदीवर वाकून पाणी प्याला, मान वर करून कळपाकडे बघत राहिला. मग वळून गेला. मन शांत करणारा खेळ, तो काय करणार म्हणा. पण मामांच्या कपाळावर घाम होता. “ओळखलं त्यानं,” म्हणाले. बटण बंद केलं आणि सगळ्यांना चमचा चमचा खीर दिली.

हे असं दोनेक वर्षं चाललं. मी वैतागत होते, तरी पाळीला उभी राहत होते.

मग एका मंगळवारी दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. मामांचाच चेहरा, फक्त जास्त उन्हातला. खांद्याला पिशवी, चालताना उजवा गुडघा वाकत नव्हता. “माझा दादा हितं कामाला हाय,” म्हणाला. मी बसा म्हटलं तर बसला नाही. इकडेतिकडे बघून त्यानं विचारलं, “दावण कुठं हाय?”

मला कळेना. दावण म्हणजे गुरं बांधायची जागा, ती वाचनालयात कुठून येणार?

“बारा जनावरं हायत ना दादाची. पेंढा आणणार होतो, यष्टीत घेऊ देत नाय. म्हून नागली आणली.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा घरी फोनवर सांगत होते, माझ्याकडं बारा जनावरं हायत, सोडून येता येत नाय. आणि तिकडे घरच्यांनी ते जसंच्या तसं खरं मानलं होतं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मामा बांधणीच्या टेबलाशी उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना मान खाली घातलेलं पहिल्यांदा बघितलं. ते भावाला बालविभागात घेऊन गेले आणि त्यांनी कॉम्प्युटर चालू केला.

आता हा हसेल, नाहीतर चार शिव्या घालेल, असं मला वाटलं. मी असते तर घातल्या असत्या. तो कपाटाला टेकून उभा राहिला, तसाच एक पाय सैल सोडून, आणि बघत राहिला. चांगली पंधरा मिनिटं. मग म्हणाला, “ते मागचं लंगडतंय.”

“कुठलं?” मामा पुढे वाकले.

“ते, पाठीवर पट्टे हायत ते. मागचा डावा नीट टाकत नाय.”

ती मोरी. आणि ती खरंच लंगडत होती. खेळ करणाऱ्यांची काही चूक असेल, मुद्दाम केलं असेल, देव जाणे. पण दोन वर्षं आम्ही पाच-सहा माणसं रोज त्यांना मोजत होतो, बारा म्हणून लिहीत होतो, आणि एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

“मागं नको ठेवू,” भाऊ म्हणाला. “मागं राह्यलं का एक दिस तुटतं. तिला पुढं घे, बाकीची तिच्या चालीनं येतील.” मामांनी लगेच ढवळीची मोरी केली, म्हणजे खेळात ते आता मोरी झाले. सगळा कळप तिच्यामागून हळूहळू चालायला लागला.

पडद्यावरची नजर न काढता भाऊ बोलला, “आई आता उठत नाय, दादा. पावसाळ्यापासनं. कूस बदलाया पण उचलाया लागतं. माझा गुडघा गेला, घरवालीची कंबर गेली. तू कायमचा ये म्हणत नाय मी. पाळी लावू. महिन्यातनं चार दिस तू कर.”

मामा म्हणाले, “रजा मिळत नाय.” आणि माझ्याकडे बघितलं.

रजेचं पुस्तक माझ्याच खणात होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्या माणसानं एक दिवस रजा घेतली नव्हती. मला ते पाठ होतं. आणि मी म्हटलं, “हो, सध्या जरा अवघडच आहे.” का म्हटलं? मामा गेले तर कुलूप मी उघडायचं, झाडू मी मारायचा, म्हणून म्हटलं. दुसरं काही कारण नाही. भावानं मान हलवली, नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी टेबलावर ठेवली, आणि चहा न घेता बस गाठायला गेला.

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती. अर्धांगवायू, डावी बाजू गेलेली, बोलणं तुटक. घरात आम्ही दोघीच. मी कामावर असताना एक बाई बघायच्या, त्या गेल्या की मी. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. पुण्याला माझा भाऊ आहे. आपण पाळी लावू ताई, असं तो पहिल्याच महिन्यात म्हणाला होता. मामांचा भाऊ येऊन गेला त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला, दिवाळीत चार दिवस ये म्हटलं.

“रजा मिळत नाही गं ताई,” तो म्हणाला.

मी फोन हातात धरून बसून राहिले. त्याच्याही ऑफिसात रजेचं पुस्तक खणात ठेवून ‘हो, सध्या अवघड आहे’ म्हणणारी माझ्यासारखी कोणीतरी असेल, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मामा खळ ढवळत होते तिथं मी गेले. म्हटलं, “मामा, काल मी खोटं बोलले. तुमची रजा आहे. ढीगभर आहे. तुम्ही जा.”

“कळप?”

“मी बघते.”

ते ढवळत राहिले. मला वाटलं, आता कंडक्टरांचं, बांधणीचं काही निमित्त काढतील. पण नाही. “बाई, मला भ्या वाटतं,” ते म्हणाले. “माझी आई गोठ्यातनं शेणाची पाटी घेऊन येती, तशीच डोळ्यापुढं हाय. पडलेली नाय बघवणार मला. हितं बरं हाय. हितं कोणी म्हातारं होत नाय.”

“मोरी लंगडतेय ना, मामा,” मी म्हटलं. जरा जोरातच बोलले. “दोन वर्षं रोज मोजलीत, दिसलं नाही. तुमचा भाऊ लंगडत आला, तो तरी दिसला का?”

त्यांनी खळीचं भांडं खाली उतरवलं. त्याच दिवशी दुपारी पिशवी भरली. जाण्याआधी मला कॉम्प्युटरपुढे उभं केलं, काठी हातात दिली, मोरीला पुढे ठेवायचं दहादा बजावलं. “मोजून घ्या, बाई.” मी मोजले. बारा होते.

चार दिवसांसाठी गेले ते आठ झाले, महिना झाला. रजा संपली, मग बिनपगारी झाली, शेवटी नोकरी सुटली. कार्यवाहांनी दुसरा माणूस घेतो म्हटलं आणि अजून घेतायत. मामा आता पाड्यावरच असतात. सुरुवातीला रोज न चुकता साडेचारला त्यांचा फोन यायचा. पाड्यावर रेंज नाही, म्हणून गुरं घेऊन टेकाडावर चढायचे आणि तिथून लावायचे. मागे खऱ्या घंटांचा आवाज.

“खाल्लं?”

“खाल्लं.”

“प्यालं?”

“प्यालं.”

“बसलं?”

“बसलं.”

“किती?”

“बारा.”

मग एखादं वाक्य आईचं. आज उन्हात बसवली. आज माझ्या हातून भात खाल्ला. आज मला बापाच्या नावानं हाक मारली. आणि फोन बंद. मी कशी आहे, माझी आई कशी आहे, हे कधी विचारायचे नाहीत. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. त्यांची पाळी मी उचलली होती, आणि माझी मलाच होती. पुठ्ठ्यावरचे म्हातारेही एकेक करून गळाले. कंडक्टर मुलाकडे राहायला गेले, गुरुजींचे पाय सुजले. सहाही वार माझ्यावर आले.

मग आईला बघणाऱ्या आमच्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. आठवडा लागेल म्हणाल्या. मी वाचनालयाला कुलूप घातलं, दारावर चिठ्ठी लावली आणि घरी बसले. बसले कसली. पहिल्या दिवशी साडेचारला फोन आला तेव्हा एका हातानं आईला कुशीवर धरलं होतं, दुसऱ्या हातात ओली चादर, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये. “खाल्लं,” मी म्हटलं. “प्यालं. बसलं. बारा.” कोण समजावून सांगणार? दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त त्या दिवशी त्यांनी एक जास्तीचं विचारलं.

“मोरी कुठल्या कुशीवर बसली?”

“डाव्या,” मी ठोकून दिलं.

“डावीवर नाय बसत ती. बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तसं मला रडायलाच आलं. “मामा, मी तीन दिवस वाचनालयात गेलेले नाही. मी खोटं सांगत होते. मला नाही जमत. मला उभं राहवत नाही आता. सगळ्यांच्या पाळ्या मी करायच्या, आणि माझी पाळी कोणीच घेत नाही.” फोन बघितला तर कट झाला होता. माझं किती ऐकू गेलं, तेही कळेना. रेंज गेली असेल म्हटलं, आणि आईचं अंथरूण बदलायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. मामा. वाळले होते, काळे झाले होते. खळीचा वास गेला होता, शेणाचा येत होता. हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी.

“आज आईकडं धाकटा हाय,” चपला काढत म्हणाले. “पाळी लावलीय आम्ही. कुठं हायत तुमच्या आई?”

मी काहीतरी बोलायला लागले. औषधं कुठली, भात मऊ लागतो, डाव्या हाताला धरायचं नाही. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. माझ्याकडे नीट बघितलं, अगदी पूर्वीसारखं.

“झोपा, बाई. दिसतंय.”

आईच्या कॉटजवळ जाऊन ते वाकले. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि तिला कळायच्या आत कुशीवर वळवलंसुद्धा. मला तीन वर्षांत तसं जमलं नव्हतं. “कोण?” आईनं विचारलं. “मी वाचनालयातला,” ते म्हणाले. “माझी पण तुमच्यासारखीच हाय घरी.” मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. झोप लागणार नाही याची खात्री होती. पलीकडून त्यांचा आवाज येत होता, ते तिला नावं सांगत होते: ढवळी, काळी, ठिबकी. आई मध्येच काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक पुन्हा विचारत होती. वाटीत चमचा वाजला. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

“बाई, उठा. साडेचार झाले.”

डोळे उघडले तर उन्हं भिंतीवर आली होती आणि मामा पाण्याचा पेला घेऊन उभे होते. मी सगळं पाणी एका दमात प्याले. इतकी तहान लागली होती हे मलाच माहीत नव्हतं. बाहेर आई उजव्या कुशीवर शांत झोपली होती, केस विंचरलेले, पाठीशी चादरीची गुंडाळी लावलेली.

“मोजून घ्या,” मामा म्हणाले. “सव्वापाचची गाडी हाय मला. दर दोन दिसांनी येतो, तुमच्या बाई येईस्तोवर.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून आलं फक्त, “चहा टाकते.”

“गाडी जाईल,” म्हणाले, आणि चपला पायात सरकवून जिना उतरलेसुद्धा.

आईची औषधं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत असे, त्या त्या तारखेच्या चौकोनात. दुपारची गोळी दिली की नाही, ते बघायला गेले. दिली होती, खूण केलेली होती. खाली मामांच्या त्या वळणदार, सावकाश अक्षरात रजिस्टरमधल्यासारखंच लिहिलेलं: खाल्लं. प्यालं. झोपलं.

आणि पुढं, जिथं आकडा लिहायचा असतो तिथं, एकूण दोन.